राखीव कीड

होबर्ट स्टम्बोच्या तोंडात दिवसभर पंधरा-वीस चुका, म्हणजे बारीक खिळे, असायच्या. सोफ्यावर कापड चढवताना चुका गालात भरायच्या, जिभेने एकेक पुढे सरकवायची, चुंबकाच्या हातोडीने ओठांवरून उचलायची आणि ठोकायची, ही वडिलांनी शिकवलेली रीत. चाळीस वर्षांत त्याने अख्ख्या बार्लो फोर्क गावाच्या खुर्च्या नव्या केल्या, पण एकही चूक कधी पोटात गेली नाही. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मात्र गावातल्या प्रेतसंस्काराच्या दुकानाचा जांभळा सोफा करताना त्याला शिंक आली. शिंक संपता संपता तोंड मिटलं आणि एक चूक नेमकी उजव्या दाढेखाली सापडली. ‘कट्ट’ असा आवाज झाला. चूक शाबूत होती. दाढ नव्हती.

तीन दिवस त्याने लवंगेचं तेल लावून पाहिलं. चौथ्या दिवशी गाल असा सुजला की शेजारी राहणारी त्याची थोरली बहीण लव्हॉन दारातूनच म्हणाली, “आता तरी क्राउस डॉक्टरला फोन कर. का सोफ्यातला कापूस तोंडात भरून ठेवलायस?”

क्राउस हा गावातला एकमेव दातांचा डॉक्टर. फोन त्याच्या मदतनीस बाईंनी उचलला.

“विमा कुठल्या कंपनीचा?”

“विमा नाही.”

“तुम्ही काम करता ती कंपनी दातांचं काही देत नाही का?”

“कंपनी म्हणजे मीच.”

“मग कंपनीकडे चौकशी करून बघा ना.”

“कंपनीचीच दाढ ठणकतेय, बाई.”

बाईंनी खर्चाचा आकडा सांगितला. होबर्टने मनातल्या मनात त्याचे सोफे केले. सहा सोफे आणि एक आरामखुर्ची होत होती. त्याने आभार मानून फोन ठेवला.

लव्हॉनने मागे कधीतरी फोनवरच्या एका गोडबोल्या माणसाकडून त्याच्यासाठी सवलतीचं कार्ड घेतलं होतं. ते चालणारा सगळ्यात जवळचा दवाखाना तीन राज्यं ओलांडून होता आणि फक्त गुरुवारी उघडायचा. मग जत्रेच्या मैदानावर फुकट दंतशिबिर भरलं. होबर्ट सकाळी सहाला घोंगडी घेऊन तिथे पोचला, तर सगळे नंबर आदल्या संध्याकाळीच संपले होते. त्याच्यासारखाच परत फिरलेला एक म्हातारा म्हणाला, “शहरात दातांचं कॉलेज आहे, तिथे जा. पोरं शिकता शिकता करतात. वेळ लागतो, पण खर्च तिसरा हिस्सा. माझी खालची कवळी तिथलीच.” आणि त्याने ती काढून दाखवली.

शहर दोन तासांवर होतं. होबर्टने लव्हॉनला सांगितलं की स्पंज आणायला जातोय. खरं सांगितलं असतं तर ती बरोबर आली असती आणि त्या पोरांना दाढ कशी करायची ते शिकवत बसली असती.

कॉलेजात त्याच्या वाट्याला टॅम्सिन ओयलर आली. शेवटच्या वर्षाची, बारीक चणीची, चष्म्याला दुर्बिणीसारखी भिंगं लावलेली मुलगी. तिने एक्स-रे काढले आणि पडद्यावर लावले. मग खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लागेल इतकी वाकली.

होबर्टने विचारलं, “फार वाईट आहे का?”

“उजवीकडची ना? हो, ती वाईटच आहे. रूट कॅनल, वर कॅप.” तिने त्याच्याकडे न बघताच सांगितलं. “पण डावीकडची... मिस्टर स्टम्बो, डावीकडची फार सुंदर आहे.”

“मला डावीकडे काही दुखत नाही.”

“म्हणून तर.” ती त्याच्याकडे वळली, तेव्हा तिचे डोळे भिंगांमागे बशीएवढे दिसत होते. “दोन दाढांच्या फटीत कीड लागलीय. एवढीशी. जेवढी खोल हवी तेवढीच खोल, शेजारची दाढ बरोबर टेकलेली, वर जुनं सिमेंट नाही. पाच आठवड्यांनी माझी लायसन्सची परीक्षा आहे. जिवंत माणसाच्या दातात, परीक्षकांसमोर, एक अशीच कीड काढून भरायची असते. आणि ती कीड आपली आपणच शोधून आणायची. मी एकाहत्तर तोंडं बघितली. माझी आत्या, घरमालक, पिझ्झा घेऊन येणारा, सगळ्यांची. कुणाची फार खोल, कुणाची फार उथळ. माझ्या आईला तर एकही नाही.”

ती इतक्या हताशपणे म्हणाली की होबर्टला त्या माउलीच्या चांगल्या दातांचा रागच आला.

सौदा ठरला. उजवी दाढ टॅम्सिन करून देणार, कॉलेजचं शुल्क तीच भरणार. बदल्यात परीक्षेच्या दिवसापर्यंत होबर्टने डावीकडची कीड जशीच्या तशी जपायची.

“कुणालाही तिला हात लावू देऊ नका,” टॅम्सिन म्हणाली.

“आणि ब्रश? घासू की नको?”

“घासा की. नेहमी घासता तसंच.”

“नेहमी म्हणजे मी...”

“मला सांगू नका,” टॅम्सिन म्हणाली. “फक्त बदल करू नका.”

तीन खेपांत उजवी दाढ झाली. एकेक खेप चार तासांची, कारण दर पायरीला मास्तर येऊन बघायचे. पण काम इतकं नेटकं झालं की होबर्टला त्यात आपल्या धंद्यातली सफाई दिसली. कापडाची कड जशी आत दुमडून बेमालूम बसवावी, तशी कॅप बसली होती. परत येताना गाडीच्या आरशात तो जीभ लावलावून बघत होता.

इकडे लव्हॉनला दिसत होतं ते एवढंच, की भाऊ धुतलेला शर्ट घालून सारखा शहरात जातो आणि स्पंज काही येत नाही. दाढेचा विषय काढला की तोंड फिरवतो. तिने अर्थ लावला की बिचारा दुखणं लपवतोय, पैशांसाठी लाजतोय. मनात आलं की लव्हॉन थांबायची नाही. चर्चचं स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात होतं. पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ती उभी राहिली आणि तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं की शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये बीन्स आणि मक्याच्या पावाचं जेवण आहे, ज्याला जमेल तेवढं त्याने पेटीत टाकावं, सगळं आपल्या होबर्टच्या दाढेसाठी.

होबर्ट मागच्या बाकावर होता. लोक वळून त्याच्याकडे मायेने बघू लागले, तेव्हा त्याचा हात आपोआप गालावर गेला. तिथेच तो फसला.

शुक्रवारी दीडशे माणसं आली. दारावर होबर्टचा सुजलेल्या गालाचा फोटो लावला होता. क्राउस डॉक्टरही आला, दोन वाढ्या बीन्स खाल्ल्या, आणि हेलावून जाऊन उभा राहून म्हणाला, “पेटीत जे जमलं असेल तेवढ्यात मी होबर्टच्या तोंडातलं सगळं काम करून देतो. सगळं म्हणजे सगळं.” हॉल टाळ्यांनी भरून गेला. चर्चचा पियानो वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी तर डोळे पुसले.

“तू उजवीकडूनच चावतोयस,” लव्हॉन पाव पुढे करत हळूच म्हणाली.

“दुखण्याची सवय झाली,” होबर्ट म्हणाला.

शनिवारी लव्हॉन त्याला स्वतः क्राउसकडे घेऊन गेली. होबर्टने ठरवलं होतं की खुर्चीत बसायचं, डॉक्टरला दाढ दाखवायची, चारचौघांत नाही तर एकट्यात खरं सांगायचं आणि पैसे कुणा गरजूला द्यायला सांगायचे. बेत चांगला होता. फक्त दाताच्या डॉक्टरपुढे आधी तोंड उघडावं लागतं आणि मग बोलता येत नाही, हे तो विसरला.

“अरे, ही तर झालीय,” क्राउस आरसा फिरवत म्हणाला. “कुणी केली? छान केलीय.”

“आ-ऊ-ए,” होबर्ट म्हणाला. गालात कापूस होता, जिभेखाली लाळ ओढणारी नळी होती.

“मग राहिलं काय? थांबा... हां, डावीकडे एक छोटीशी आहे. चला, लोकांचे बीन्स वाया जायला नकोत. दहा मिनिटांचं काम आहे.”

“आं-ईं. आं-ईं.”

“घाबरू नका, टोचलेलं कळणारसुद्धा नाही.”

सुई डाव्या बाजूला येताना दिसली, तसा होबर्ट उठला. म्हणजे उठला, वळला आणि गळ्यातल्या कागदी लाळेऱ्यासकट बाहेरच्या खोलीतून निघाला. तिथे लव्हॉन होती, चर्चच्या गाणाऱ्या मंडळातल्या दोघी होत्या. तिघींच्या देखत तो दार उघडून रस्त्याला लागला. नळी अर्धा फूट लोंबत होती. वाण्याच्या दुकानापाशी त्याने ती काढून खिशात ठेवली.

लव्हॉनने त्याला त्याच्या स्वतःच्या दुकानात गाठलं. तो जांभळ्या सोफ्यावर बसला होता. धाप लागलेली असतानाही ती बोलू शकायची, तिला ते वरदान होतं.

“साठ वर्षांचा घोडा तू. सुईला घाबरून पळालास?”

“सुईला नाही.”

मग त्याने सगळं सांगितलं. लव्हॉन त्याच्याशेजारी टेकली.

“म्हणजे गावाने तुझ्या दाढेसाठी बीन्स खाल्ले,” ती सावकाश म्हणाली, “आणि तू कीड सांभाळत बसलायस.”

“दोनच आठवडे राहिलेत.”

“दुसरी नाही का मिळणार तिला?”

“एकाहत्तर तोंडं बघितली तिने. या वेळी हुकली तर सहा महिने थांबायचं. वरच्या खोऱ्यात दवाखाना ठरलाय तिचा, लव्हॉन. तिथे दाताचा डॉक्टरच नाही. लोक पक्कडीने काढतात.”

लव्हॉनने सोफ्याची शिवण चाचपली. “मला आधी सांगायला काय झालं होतं?”

“तू जाहीर केलं असतंस.”

लव्हॉनने कुणाला न सांगण्याचा शब्द दिला. ते दोन आठवडे होबर्टला जड गेले. लव्हॉनने शब्द पाळला, कुणाला काही बोलली नाही. त्यामुळे गावाला एवढंच ठाऊक होतं की होबर्ट स्टम्बोने दीडशे लोकांच्या मायेकडे पाठ फिरवली. वाण्याकडे गेलं की कुणीतरी विचारायचं, “काय होबर्ट, बीन्स कसे होते?” तो म्हणायचा, “चांगले होते,” आणि डावी बाजू सांभाळत घरी यायचा. पेटीतले पैसे त्याने क्राउसकडेच ठेवायला लावले, पुढच्या कुणाच्यातरी ठणकत्या दाढेसाठी. तरी क्राउस रस्त्यात दिसला की नमस्कार जरा तुटकच करायचा.

परीक्षेच्या दिवशी गाडी लव्हॉनने चालवली. “मला ती मुलगी बघायचीय,” ती म्हणाली. बाहेरच्या खोलीत चाळीसेक पेशंट बसले होते आणि जत्रेतल्या बक्षिसाच्या वासराला जपावं तसं एकेक विद्यार्थी आपापल्या पेशंटला जपत होता. कुणी पांघरूण घालत होतं, कुणी पाणी देत होतं. टॅम्सिनने होबर्टसाठी उशी आणली होती. तिचा चेहरा खडूसारखा पांढरा होता.

“आहे ना?” तिने विचारलं.

“आहे,” होबर्ट म्हणाला. “आजही घासताना विशेष काही केलं नाही.”

तीन परीक्षकांनी पाळीपाळीने होबर्टच्या तोंडात बघितलं, कागदावर सह्या केल्या, कीड मंजूर झाली. आयुष्यात त्याची कुठली गोष्ट इतक्या शिकलेल्या माणसांनी एकमताने मान्य केली नव्हती. पुढचे साडेतीन तास टॅम्सिन एकदाही मान वर न करता काम करत राहिली. काम संपल्यावर मात्र तिने मास्क काढला आणि भिंतीकडे तोंड करून थोडी रडली. निकाल यायला तीन आठवडे होते. ती पास झाली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

डावा गाल बधिर झालेला होबर्ट बाहेर आला, तर लव्हॉन जागेवर नव्हती. खुर्चीवर तिचा कोट आणि अर्धं सँडविच होतं.

“हिरव्या कोटाच्या बाई ना?” टेबलापाशी बसलेल्या माणसाने सांगितलं. “त्यांना आत घेतलंय.”

झालं असं, की एका उंच्यापुऱ्या विद्यार्थ्याचा पेशंट आलाच नाही. तो पोरगा लव्हॉनसमोर उभा राहून फोन लावत होता, रडत होता. लव्हॉनला पुरुषमाणसाने असं हातपाय गाळलेलं आवडत नसे. ती त्याला रागवायला लागली. आणि रागावताना तिचं तोंड नेहमी पूर्ण उघडं असायचं. पोरगा रडायचा थांबला, वाकला, आणि खिशातली बॅटरी काढून म्हणाला, “मॅडम, जरा तसंच धरा.” वीस मिनिटांत तिचा एक्स-रे झाला होता. तिला एक नाही, मंजूर होण्याजोग्या दोन किडी निघाल्या होत्या, आणि जबडा बधिर करून एक लगेच भरायला घेतली होती.

ती बाहेर आली ती होबर्टकडे न बघता, कोट घालून, सरळ गाडीकडे.  लव्हॉन गाडी चालवतेय आणि बोलत नाहीये, असं होबर्टच्या आठवणीत कधीच झालं नव्हतं.

शेवटी चर्चचा मनोरा दिसायला लागला, तशी ती म्हणाली, “होवर्ट, चर्फमध्ये कुणाला फांगायचं नाही.”

“काय?”

“कुणाला फांगायचं नाही. माझ्या दातांचं. फपथ घे.”

होबर्टने थोडा विचार केला. गालावरच्या हाताचा, दारावरच्या फोटोचा, दीडशे माणसांचा. मग गंभीरपणे काहीतरी बोलला. निम्मी अक्षरं ओठांतून निसटली.

“फपथ म्हणालाफ,” लव्हॉनने विचारलं, “की वघतो म्हणालाफ?”

तो खिडकीतून बाहेर बघत होता आणि हसत होता. पण बहिणीकडची डावी बाजू अजून बधिरच होती, तिच्यावर काही उमटलं नाही.