आबा मिस्त्रींच्या बर्फाच्या खोलीत

आबा मिस्त्री भर मे महिन्यात लोकरीची कानटोपी घालून धुळ्याच्या रस्त्यांवरून सायकल चालवायचे. नव्या माणसाला वाटे, याला ऊन लागलंय. आम्हाला सवय होती. ते बर्फाच्या कारखान्यात मिस्त्री होते. लाद्यांच्या खोलीत सारखं आतबाहेर करावं लागे. “काढघाल कोन करी?” म्हणत टोपी डोक्यावरच ठेवत.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे लोकांच्या सॅक तपासणं. कॉलेजची मुलं दर उन्हाळ्यात हिमालयात ट्रेकला जात, आणि निघण्याआधी सामान घेऊन आबांकडे. आबा स्वतः चाळीसगावच्या पुढे गेलेले नव्हते. पण पाठीवर लाद्या वाहण्यात आणि थंडीत उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला होता, तेवढं मुलांना पुरे होतं. आबा सॅक गोणपाटावर ओतायचे आणि एकेक वस्तू उचलून म्हणायचे, “हाई कसाले? पाठ इचारी.” पाठ जाब विचारेल. मग आरसा बाहेर, ट्रान्झिस्टर बाहेर, लोणच्याची काचेची बरणी बाहेर. लोणचं कारखान्यातच राही आणि दुपारच्या भाकरीबरोबर संपे.

तपासणी झाली की अंगावरच्या कपड्यांनिशी, स्लीपिंग बॅगेत शिरून, बर्फाच्या खोलीत बसायचं. बाहेर आल्यावर आबा सांगणार, पास की नापास.

आमच्या वैशालीचं नाव ट्रेकला लागलं तेव्हा घरात कोणी कोणाशी नीट बोलेना. शेवटी हे म्हणाले, “आबांनी पास केली तर जाऊ दे.” यांना खात्री होती, आबा मुलीला पास करणार नाहीत. मी वाद घातला नाही. मशीनवर बसले आणि खाकी कॅनव्हासची सॅक शिवली. पट्ट्यांना दुहेरी टीप घातली.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं कारखान्यात गेलो. आबांनी सॅक ओतली. पहिला हाताला लागला माझा लाडवांचा पितळी डबा.

“ताई, पोरगी डोंगर चढाले जाई राहिनी का सासरले?”

मी लाडू कापडी पिशवीत काढले. मग निघाला कांदा. ऊन लागू नये म्हणून यांनी गुपचूप घातलेला. आबांनी तो हातावर तोलला आणि यांच्या हातात दिला. “तठे बर्फ शे, भाऊ.”

हे हसले नाहीत. आबांनी एक स्वेटर मुद्दाम स्वतःजवळ ठेवून घेतला. “लागना ते माग,” लागला तर माग, एवढंच वैशालीला सांगितलं, आणि जाड दार लावलं.

हे घड्याळाकडे बघत होते, मी दाराकडे. आबा मध्येच फट उघडून विचारायचे, “थंडी वाजस का?”

“नाही!”

पुन्हा थोड्या वेळानं तेच. “नाही!”

तिसऱ्यांदा उत्तर यायला वेळ लागला. आबांनी सरळ दार ओढलं. वैशालीचे ओठ काळपट पडले होते, बोटांना बॅगेची चेन उघडेना. मी तिला बाहेर आणून हात चोळायला लागले.

“नापास,” आबा म्हणाले.

हे लगेच उठले. “चला घरी.”

“थांबा,” मी म्हणाले. “आबा, काय कमी पडलं ते सांगा. मी आणते.”

“सामान बराबर शे. पोरगी खोटं बोलस.”

वैशालीचे दात वाजत होते. “वाजते म्हटलं असतं, तर बाबांनी घरी चल म्हटलं असतं.”

आबा यांच्याकडे वळले. आवाज चढवला नाही. “तठेबी नहीच म्हनी ही, भाऊ. तुमले भ्याईसन.” यांच्या धाकानं ती तिथेही नाहीच म्हणणार.

हे पुन्हा गोणपाटावर बसले. बराच वेळ हातातला कांदा सोलत राहिले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “वाजली तर सांग. घरी चल नाही म्हणणार.”

ती परत आत गेली. या वेळी थोड्याच वेळात दारावर आतून गुद्दे बसायला लागले. “आबा, स्वेटर द्या! लवकर!”

आबांनी स्वेटर आत फेकला. “पास.”

ट्रेक संपवून मुलं परतली त्या दिवशी मी पाणी तापवून बसले होते. बस येऊन गेली, बरोबरची मुलं घरी पोचली, वैशालीचा पत्ता नाही. शोधत कारखान्यापर्यंत गेले, तर बाई तिथे. पाठीवरची सॅकही उतरवलेली नव्हती. समोर आबा उकिडवे बसलेले.

तिथला हमाल मला म्हणाला, “ताई, सामान दाखाडाले बठ्ठा येतंस. वापस यीसन सांगनारी हाई पहिलीच.” सामान दाखवायला सगळेच येत, परत येऊन आबांना सांगणारं आजवर कोणी नव्हतं.

आबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. “बर्फ जवय वरथीन पडस,” ते विचारत होते, “तवय आवाज येस का?”

“नाही, आबा. अजिबात नाही.”

“काय?”

मशीनच्या धडधडाटात त्यांना ऐकू गेलं नव्हतं. आबा उठले. मालक आले तरी मशीन बंद न करणारा माणूस, त्यांनी जाऊन खटका ओढला. धडधड मंदावत थांबली. दाराशी लादीसाठी उभे असलेले रसवंतीवाले ओरडायला लागले. आबांनी त्यांना हातानंच गप्प केलं, आणि येऊन वैशालीच्या जरा जवळ बसले.

“हां. आते सांग.”