बनसोड काका आणि माझे बारा फॉर्म

बनसोड काका उत्तर संपेपर्यंत राउंडअबाउटवरून बाहेर पडत नसत.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये राहिलेल्यांना हे समजावायला नको, पण इतरांसाठी सांगते. त्या गावात सरळ रस्ता, मग गोल चौक, पुन्हा सरळ रस्ता, पुन्हा गोल चौक, असं कितीही वेळ चालतं. काकांनी याचा उपयोग माझ्या इंटरव्ह्यूच्या सरावासाठी शोधून काढला होता. एका चौकात ते प्रश्न विचारत. पुढचा चौक येईपर्यंत मी उत्तर संपवायचं. नाही संपलं, तर काका कुठल्याच रस्त्याला न वळता गाडी तिथेच गोल फिरवत राहत. मागचे इंग्रज हॉर्न वाजवत नाहीत, नुसते बघतात. मला त्याचंच जास्त ओशाळं वाटायचं.

एकदा 'तुम्हाला वकीलच का व्हायचंय' या उत्तराला सात फेऱ्या लागल्या. काकू मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, पोरीला नापास करा, पण घरी चला."

मी वाशीमहून शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये कायदा शिकायला आले होते आणि बनसोडांच्या घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. काका मूळचे नागपूरचे, एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टींत चुका शोधणं हे त्यांचं काम, आणि ते काम संध्याकाळी सहाला संपतं हे त्यांना मान्य नव्हतं. नवा टोस्टर आला की आधी तो चुकीच्या पद्धतीनं वापरून बघत. कोणी काहीही सांगितलं की त्यांचं एकच म्हणणं असे, "रिप्रोड्यूस करून दाखव." म्हणजे, तेच पुन्हा घडवून दाखव. काकूंनी डोकं दुखतंय म्हटलं तरी विचारत, "रिप्रोड्यूस होते का?"

"तुम्ही बोललात की होते," काकू म्हणत.

तिकडच्या मोठ्या लॉ फर्म उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना दोन-तीन आठवडे कामावर घेतात. त्याला व्हॅकेशन स्कीम म्हणतात. तिथे तुमचं काम आवडलं, तर पुढे सॉलिसिटर होण्यासाठीच्या ट्रेनिंगची जागा मिळण्याची शक्यता. माझा कोर्स दोन वर्षांचा होता. ही जागा नाही मिळाली, तर दोन वर्षांनी बॅग भरून वाशीमला परत, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलामुलींचे काका, मामा, वडिलांचे मित्र कुठल्या ना कुठल्या फर्ममध्ये होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली.

मी अकरा फॉर्म भरले. अकरा नकार आले.

प्रत्येक नकाराचं काका ऑफिसातून प्रिंटआउट काढून आणत आणि चष्मा कपाळावर चढवून वाचत. मला वाटे, हा माणूस आता मला धीर देईल. ते म्हणत, "यात तुझ्याबद्दल एक शब्द नाही. म्हणजे त्यांना वाचण्यासारखं आपण काही दिलं नाही. डिफेक्ट आपल्याकडे आहे." मग एका मोठ्या तक्त्यात माझे दोष नंबर टाकून लिहीत. दोष क्रमांक चौदा होता, 'मेहनती असल्याचं तीनदा सांगते, पुरावा नाही.' मला त्या तक्त्याचा राग येई. पण माझ्यासाठी इतका वेळ आजवर कोणी बसलं नव्हतं, हेही खरं.

बाराव्या फॉर्मच्या वेळी, एका शनिवारी बाजारातून परत येताना, काका गाडी चालवत म्हणाले, "कामाचा अनुभव या चौकटीत तू अकराही वेळा 'नाही' लिहिलं. का?"

"कारण नाहीये, काका."

"सुट्टीत काय करायची तू?"

"घरीच असायचे."

"बाबा काय करतात?"

चौक आला. काका फिरत राहिले.

"कोर्टाबाहेर बसतात," मी म्हणाले.

"वकील आहेत?"

"नाही. टाइपरायटर घेऊन बसतात. लोकांना अर्ज लिहून देतात."

"आणि तू?"

"मी शेजारी. सहावीपासून. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून लोकांना प्रश्न मी विचारायचे. जमीन कोणाच्या नावावर, नवरा कधी वारला, दाखला आहे का. मग बाबांना मोठ्यानं सांगायचे. कॉलेजात गेल्यावर वारसाचे अर्ज मीच लिहायला लागले."

दुसरी फेरी. तिसरी. एका म्हाताऱ्या बाईनं आम्हाला आधी जाऊ दिलं, तरी काका गेले नाहीत.

"किती वर्षं?"

"नऊ असतील."

"नऊ वर्षं तू लोकांची कोर्टाची कामं केली," काका सावकाश म्हणाले, "आणि लिहिलं काय, तर नाही."

"मला वाटलं, ते घरचं काम आहे."

काकांनी गाडी घराच्या रस्त्याला वळवली. त्या दिवशी दोषांच्या तक्त्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही. जेवणानंतर मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाले, "एका बाईचा अर्ज सांग. एकीचाच. सुरुवातीपासून." मी सांगितलं. "आता हेच लिही. एकही विशेषण घालू नको."

बाराव्या फर्मनं इंटरव्ह्यूला बोलावलं.

मार्चमधली सकाळ होती. काकूंनी त्यांचा काळा कोट इस्त्री करून दिला आणि बाही आखूड करायला आत दोन टाके घातले. काका नाश्त्याला नव्हते. ऑफिसात लवकर मीटिंग आहे म्हणून गेले, असं काकू म्हणाल्या. मला जरा वाईट वाटलं. मी एकटीच ट्रेननं लंडनला गेले.

काचेच्या त्या इमारतीत मी पन्नास मिनिटं होते. टेबलापलीकडे दोन पार्टनर होते. त्यातल्या बाईंनी पंचवीस मिनिटं फक्त माझ्या अर्जातल्या बाईबद्दल विचारलं. नवऱ्याच्या मृत्यूची नोंदच नव्हती, तर तुम्ही काय केलंत. तिला काय समजावलंत. ती रडायला लागली तेव्हा काय केलंत. मला सगळं आठवत होतं. पाठ केलेलं एकही उत्तर लागलं नाही.

बाहेर आले तर समोरच्या बसस्टॉपवर बनसोड काका बसलेले. थंडीनं नाक लाल, आणि गळ्यात ऑफिसचा पास तसाच.

"काका, तुम्ही इथे?"

"मीटिंग होती."

"कुठे?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं, एखादी इमारत निवडावी तसं. मग म्हणाले, "नव्हती."

आम्ही स्टेशनकडे चालत निघालो. रस्त्याकडे बघतच काका म्हणाले, "इथे आलो त्या वर्षी एका बँकेनं मला बोलावलं होतं. याच भागात. मोठी जागा होती. दारापर्यंत गेलो. आतली माणसं पाहिली, त्यांचे बूट पाहिले. वाटलं, आपलं इथे काय काम? तसाच परत ट्रेनमध्ये बसलो. घरी सांगितलं, सिलेक्शन नाही झालं."

"काकूंना माहीत नाही?"

"तिला अजून वाटते, बँकवाले मूर्ख होते." ते थोडं हसले. "म्हटलं, तूही दारातून फिरली, तर रस्त्यात कोणीतरी पाहिजे नं. परत आत पाठवायला."

मी म्हणाले, "मी फिरणारच होते, काका. दोन मिनिटं दारात उभी होते."

"पाहिलं मी," काका म्हणाले. "उठलो होतो."

परतीच्या ट्रेनमध्ये माझा फोन वाजला. फर्ममधून होता. जूनमध्ये तीन आठवडे. मी दोनदा थँक यू म्हटलं, फोन ठेवला आणि काकांकडे बघून नुसती मान हलवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खिशातून स्वतःचा फोन काढून काकूंना लावला.

"हं, मी. ऑफिसात नाही, ट्रेनमध्ये आहे. पोरीचं झालं." पलीकडून काकूंचा आवाज मलाही ऐकू आला. काका तो संपायची वाट बघत राहिले. "नाही, आत तीच गेली. मी बाहेरच होतो."

मग खिडकीकडे तोंड करून, जरा हळू आवाजात, ते म्हणाले, "त्या बँकेच्या वेळीही बाहेरच होतो. घरी आलो की सांगतो."