धाकट्यांच्या रजेचा ठिपका

काम ही मुळात वाईट गोष्ट नाही. ते करावं लागतं, एवढाच त्यातला दोष आहे. भल्याभल्या कार्यालयांना हा दोष दूर करता आलेला नाही. आमच्या दाखले विभागाने तो एका वहीच्या आधारे दूर केला, आणि विभागप्रमुख या नात्याने त्याचं श्रेय नाकारण्याचा विनय माझ्या अंगी नाही.

वहीची कल्पना तशी माझ्या बायकोची. (म्हणूनच श्रेयाचा विषय आधी उरकून घेतला.) घरातला गळका नळ दुरुस्त करून घ्यायचं मी पुन्हा विसरलो, तेव्हा तिने ठिपक्याठिपक्यांच्या पानांची एक कोरी वही माझ्यापुढे आपटली.

"हे बघा," ती म्हणाली, "काम आलं की एक ठिपका द्यायचा आणि पुढे लिहायचं. झालं की ठिपक्यावर फुली. नाहीच झालं तर बाण काढायचा आणि पुढच्या महिन्याच्या पानावर उतरवायचं. संपलं! लहान पोरालासुद्धा जमेल."

ती स्वतः पिशवीत मावेल एवढ्या वहीवर अख्खं घर चालवते. तिच्या वहीत रंग नाहीत, चौकटी नाहीत, अनुक्रमणिका नाही. नुसती कामं होतात. पद्धत इतकी ओबडधोबड असली की दुसरं काय होणार!

मी ती पद्धत कार्यालयात नेली आणि तिला वळण लावलं. परिपत्रक काढलं. प्रत्येकाने एक वही ठेवावी. ठिपका काळा, फुली निळी, बाण हिरवा. ठिपका मोहरीएवढा असावा. वाटाण्याएवढे ठिपके देणाऱ्यास समज दिली जाईल. बाण पट्टीनेच काढावा. वहीच्या सुरुवातीला खुणांचा खुलासा, त्यानंतर अनुक्रमणिका, त्यानंतर अनुक्रमणिका कशी पाहावी याच्या सूचना. या पूर्वतयारीसाठी लोकांचे अर्ज घ्यायची खिडकी काही काळ बंद ठेवावी लागली. बाहेर रांग लागली, आत आम्ही माना खाली घालून रेघा मारत होतो. नमनाला घडाभर तेल, असं कुणी म्हणेलही. पण तेल उत्तम प्रतीचं होतं. आमच्या ज्येष्ठ कारकून मोठ्या बाई, दाखल्यांवर सह्या करून ज्यांचा हात एरवी कायम भरून यायचा, त्यांनी तर महिन्याच्या पानाला चारी बाजूंनी वेलबुट्टी काढली. हाताची तक्रार एकदाही नाही.

याच सुमारास धाकटे माझ्याकडे आले. विभागातले वयाने सगळ्यांत लहान म्हणून त्यांना सगळे धाकटेच म्हणतात. त्यांच्या बायकोला आठवा महिना सरत आला होता. पहिलीच खेप, आणि घरात दोघांशिवाय तिसरं माणूस नाही.

"साहेब, पुढच्या महिन्यात रजा हवी होती. मी कामावर असलो की ती एकटी असते हो. फार घाबरते. म्हणते, त्या वेळी तुम्ही जवळ पाहिजे."

मीही बालबच्चेवाला माणूस आहे. माझं काळीज हललं. मी तत्काळ वही उघडली, मोहरीएवढा देखणा ठिपका दिला आणि पुढे लिहिलं: 'धाकटे, रजा, मंजूर करणे.' नुसती सही केली असती तर याच्या निम्मादेखील वेळ लागला नसता. पण आपल्या माणसासाठी मी वेळेकडे बघत नाही.

"झालं ना साहेब?"

"नोंद झाली."

पोरगा आनंदात गेला.

महिनाअखेरीस एक शास्त्रीय सत्य आमच्या ध्यानात आलं. फुली मारायची तर आधी काम करावं लागतं. बाणाला अशी कुठलीही पूर्वअट नाही. शिवाय बाण मारल्यावर जिवाला जो हलकेपणा येतो, तो फुलीने कधी आलेला मला आठवत नाही. ज्या कामाला बाण लागला ते पुढे गेलं, आणि जे पुढे जातं ते थांबलेलं कसं म्हणता येईल? तेव्हा अशा कामांना 'गतिमान' म्हणावं असं बैठकीत एकमताने ठरलं. पहिल्या आढाव्यात निम्मी कामं गतिमान आढळली. पुढे हे प्रमाण इतकं वाढलं, की वरिष्ठ कार्यालयाने आमच्या पाठीवर लेखी थाप मारली. (जी दोन कामं पूर्ण झाली, त्यांची चौकशी चालू आहे.)

धाकट्यांची रजाही अर्थातच गतिमान झाली. नवव्या महिन्याच्या मध्यावर ते पुन्हा आले. मी त्यांना पान दाखवलं. बाण खरोखर सुरेख आला होता.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "साहेब, दिवस भरत आलेत. बाळ पुढच्या पानावर उतरवता येत नाही."

नियोजनाचा अभाव म्हणतात तो हाच.

मी रात्री जेवताना हे घरी सांगितलं. मला वाटलं, बायको हसेल.

"अहो, सही करायला असा कितीसा वेळ लागतो?"

"वेळेचा प्रश्नच नाही. त्या पानावर वरपासून खालपर्यंत बाण आहेत, एका ओळीत, एका मापाचे. मधेच एक निळी फुली आली तर अख्खं पान बिघडेल."

तिने कपाळावर हात मारला. "तुमचं काही चुकलं नाही. वही आणून देणारी मीच अक्कलशून्य!" ती उठून गेली. ताट तिचं अर्धंच संपलं होतं. काही माणसांना पानाची शोभा कळत नाही, त्याला आपण काय करणार?

पुढच्या आढावा बैठकीत मोठ्या बाई आपले बाण वाचून दाखवत होत्या. तेवढ्यात धाकट्यांचा फोन वाजला. ऐकता ऐकता पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब, तिला शेजारच्या काकूंनी दवाखान्यात नेलंय. मी निघतो."

"बैठक होऊ द्या. यानंतर तुमचेच बाण आहेत."

त्यांनी आपली वही माझ्यासमोर ठेवली. "माझे बाण तुम्हीच मारा," असं म्हणाले आणि धावत सुटले.

"पळ रे बाळा!" मोठ्या बाई ओरडल्या. त्या नादात त्यांचा हात हलला आणि वेलबुट्टीवर हिरवी शाई सांडली. ते पान आजही तसंच आहे.

विनापरवानगी गैरहजेरी हा गंभीर प्रकार आहे. मी त्याच दिवशी वहीत 'धाकटे, नोटीस देणे' असा ठिपका दिला. पद्धत किती दयाळू आहे पाहा, ती नोटीससुद्धा लवकरच गतिमान झाली. दरम्यान धाकट्यांची वही मोठ्या बाई चालवत होत्या. धाकटे नसताना धाकट्यांच्या कामात तसूभरही फरक पडला नाही. असे कर्तव्यदक्ष कर्मचारी लाभायला नशीब लागतं.

मग एके दिवशी ते दिसले. टेबलाशी नव्हे, खिडकीच्या बाहेर. सगळ्यांसारखे रांगेत उभे राहून पुढे आले होते. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, आणि तोंडभर हसू.

"साहेब, मुलगी झाली! अगदी शेवटच्या क्षणी पोहोचलो. तिने माझा हात असा काही धरला होता, अजून बोटं दुखतायत."

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच 'धाकट्यांचं अभिनंदन करणे' असा ठिपका दिला.

त्यांनी खिडकीतून कागद आत सरकवला. मुलीच्या जन्माच्या दाखल्याचा अर्ज. सगळं बिनचूक भरलेलं. इतकी वर्षं आतल्या बाजूला बसल्याचा फायदा.

"उद्यापासून कामावर येतो साहेब. एवढी सही तेवढी उभ्या उभ्या करा."

मी पेन उचललं आणि वही पुढे ओढली. धाकट्यांनी खिडकीतून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि पानावर पालथा पंजा ठेवला.

"ठिपका नको साहेब." ते म्हणाले. "पाया पडतो तुमच्या. काय वाटेल ते करा, माझ्या पोरीला ठिपका देऊ नका."

मी त्यांची बोटं एकेक करून हळुवारपणे बाजूला केली. नियम तो नियम. आपल्या माणसासाठी वाकवला तर लोक काय म्हणतील?

लोक म्हणजे तुम्हीच. तुमचा अर्ज त्याच पानावर आहे, धाकट्यांच्या मुलीच्या दोन ओळी वर. चौकशीला येऊ नका; तो अत्यंत गतिमान आहे. आणि खरं सांगायचं तर तुम्हाला तरी कुठे घाई आहे? हातातलं काम बाजूला सारून हे शेवटपर्यंत वाचत बसलात की नाही!