नाना आणि सुरमई५५

वादळाचा इशारा आला की आमच्या आगरदांड्यात लोक होड्या वर ओढतात, पत्रे बांधून घेतात. आमचे शेजारी हरीनाना कॉम्प्युटर उचलून माझ्या घरी येतात. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे ना! घरच्या फ्रीजमध्ये किलोभर पापलेट असतात, पण त्यांचं नानांना काही नाही. "सडू दे रे! तिकडं कोन तरी गानं उतरवताना एक्यान्नव टक्क्यांवर अडकलाय!"

नाना जेट्टीवर तिकिटं फाडून निवृत्त झाले. त्यानंतर भाच्यानं त्यांना एक जुना कॉम्प्युटर दिला आणि हा गृहस्थ फाइल-शेअरिंगच्या नादी लागला. त्यात दुकान नाही, कंपनी नाही. तुमच्या कॉम्प्युटरवरचं गाणं मी थेट उचलायचं, माझ्याकडचं तुम्ही. नानांना हे फारच पटलं. होडी ओढायला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, तसंच हे. नुसतं घेऊन पसार होणाऱ्यांवर मात्र त्यांचा भयंकर राग. मी एकदा गाणं उतरवून कॉम्प्युटर बंद केला, तर चारचौघांत ओरडले, "घेतलंस नं? मंग वाटा ठेव! चोर हायस काय?"

नानांचा स्वतःचा वाटा म्हणजे हळदीतल्या ब्रास बँडची रेकॉर्डिंगं. रेवदंड्यापासून दिघीपर्यंत कुठेही हळद असो, नाना टेपरेकॉर्डर घेऊन हजर, आमंत्रण असो वा नसो. ऐन रंगात आलेल्या बँडवर कुणीतरी "जेवायला बसा रे!" म्हणून बोंबलतं, तेही जसंच्या तसं. ही गाणी उचलायला एके काळी पडद्यावर नावांची जत्रा असायची. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला, बोट लावलं की गाणं वाजू लागलं आणि नावं गळत गेली. आता दोनच उरली आहेत, नाना आणि कुणीतरी 'सुरमई५५'.

"नाना, तुमचं सगळं त्याच्याकडे, त्याचं सगळं तुमच्याकडे," मी एकदा म्हटलं. "आता एकमेकांना देणार काय, कप्पाळ? बंद करा की." नानांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

परवा सकाळी गेलो, तर नाना स्वतःचंच एक रेकॉर्डिंग पुसत होते.

"अहो, हे काय करताय?"

"गप. आता तेच त्याच्याकडनं घेतो."

"पण कशाला?"

नानांनी ते पुसून टाकलं. मग म्हणाले, "जेट्टीवर व्हतो तवा दिसभर लोक हात पुढं करायचे. आता माज्याकडं कोन काय मागतो? त्याचंबी तसंच आसल. घेनारा कोन न्हाय असं वाटलं, तर बंद करून जाईल तो. मंग मी काय करू?"

इतकी वर्षं या माणसाची टिंगल केल्याची मला लाज वाटली. गाणं उतरलं. नानांनी समाधानानं चहा पुढे ओढला, तोच पडद्यावर खाली दुसरी पट्टी सरकू लागली. आता सुरमई५५ नानांकडून काहीतरी उचलत होता. मी वाकून नाव वाचलं. बोर्लीची हळद.

"नाना, हे तर त्याच्याकडे होतं ना?"

"व्हय. गेल्या आठवड्यात मीच घेतलं त्याच्याकडनं."

म्हणजे त्यानंही पुसलं होतं. पट्टी पुरी भरेपर्यंत आम्ही दोघांनीही चहाला हात लावला नाही.