रांगेतली शेवटची वाटी

बाबांचा जलतरंग धाकटीकडे गेला, तेव्हा थोरली "असू दे, तुलाच वाजवता येतो," म्हणाली आणि आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. तिला बाबांचा चष्मा मिळाला होता. चष्म्यातून सूर निघत नाहीत.

पांढऱ्या चिनीमातीच्या वाट्या, त्यांत कमीजास्त पाणी, हातात दोन काड्या. ना तार, ना कातडं. वाटी स्वतःच गाते. त्यातली एक तरी आपल्याकडे असावी, एवढंच थोरलीचं म्हणणं होतं. म्हणून धाकटी चहा टाकायला आत गेली तशी तिनं रांगेतली शेवटची वाटी पर्समध्ये टाकली आणि घरून आणलेली तसलीच एक वाटी तिथे ठेवून दिली.

घरी येऊन तिनं वाटीत पाणी भरलं आणि चमच्यानं हळूच वाजवली. थप्प.

"दार वाजलं का गं?" नवऱ्यानं आतून विचारलं.

पर्समधल्या किल्ल्यांनी घात केला, वाटीला तडा गेला, या धास्तीनं ती वाटी रिकामी करून उजेडात धरू लागली. तेवढ्यात धाकटीचा फोन.

"ताई, चमत्कार! शेवटची मुकी वाटी गायला लागली! बाकीच्या तिच्यापुढे फिक्या!"

"मुकी?"

"अगं, चीर होती तिला. बाबांनी कधी वाजवलीच नाही."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरून आणली ती मुकी, आणि आपली साखरेची वाटी तिकडे मैफल गाजवतेय! दुसऱ्या दिवशी ती परत अदलाबदल करायला गेली आणि दोन्ही हातांत दोन वाट्या असताना सापडली.

"ताई! चोरलीस?"

"बदलली. ही घे तुझी मठ्ठ वाटी, माझी मी नेते. वाजतच नव्हती, तर बाबांनी रांगेत ठेवली कशाला?"

धाकटी हसू दाबत म्हणाली, "डॉक्टरांनी चहा बंद केला होता ना? आई दारात आली की बाबा काड्या उचलायचे. एवढ्या वाट्यांत एकीत चहा आहे, हे दारातून काय कळतंय? चिरेतून सूर गळायचा, चहा नाही."

थोरलीनं वाटीत डोकावून पाहिलं. तळाशी फिकट तांबूस कडं होतं. पुढे केलेला हात तिनं मागे घेतला.

"दे ना," धाकटी म्हणाली.

"काय?"

"बाबांची वाटी. संच अपुरा राहील."

"अपुरा कसा? माझी गाते की. बाकीच्या फिक्या पडतात म्हणे."

"ते मी आपलं उगाच म्हटलं गं!"

चहा आला. थोरलीनं तो कपातून त्या वाटीत ओतला आणि सावकाश पिऊ लागली. धाकटीनं समोर बसून काड्या उचलल्या. पण नजर थोरलीच्या ओठांपाशी, त्यामुळे एकही काडी जागेवर पडेना.

"छान वाजवतेस," थोरली म्हणाली.