मोरचुदातलं पाचवं पाणी

आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला चहा मिळायच्या आधी वामन मास्तरांचा प्रश्न मिळे. निळा खडा पुढे धरून ते विचारत, "सांगा बरं, यातलं पाचवं पानी कोनं धरून ठेवलं?"

पाहुणा माझ्याकडे बघे. मी छपराकडे बघे. मला तरी कुठं ठाऊक होतं?

मास्तर अमरावतीच्या कॉलेजात रसायनाचे प्रयोग मांडून देत आणि आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत. एकटा जीव. आम्ही माळी; संत्र्यावर फवारायला घरात मोरचूद असेच, त्यातलाच तो खडा. मोरचुदात तांबं असतं आणि खडा दिसायला कोरडा असला तरी त्याच्या पोटात पाणीही असतं, असं मास्तर सांगत.

"चार पान्यांनी तांब्याले धरलं हाय. पाचव्याचं तांब्याशी नातंच नाही, बाजूले नुसतं टेकून हाय. पन तापवा तं चारी आधी जातात. पाचवं हालत नाही."

"पानी ते पानी, मास्तर," मी म्हणे. "त्यातलं पाचवं कोनतं, हे ओळखाव कसं?"

हे दाखवायला त्यांनी एकदा माझ्या बायकोची वरणाची पळी उचलली आणि खडा त्यात घालून चुलीवर धरला. खडा पांढरा पडला अन पळी कामातून गेली. मोरचूद म्हणजे विषच. तेव्हापासून ती रोज सकाळी विचारी, "मास्तर, माही पळी?"

"आनतो न, वहिनी."

असं वर्ष गेलं. एवढा शिकलेला माणूस एक पळी आणायला विसरतो कसा, हे काही केल्या मला उमजेना.

पुढे आम्ही चांदूर बाजारला मळा घेतला, हे घर विकलं. मास्तरांनी दुसरी खोली पाहिली. निघायच्या दिवशी आमची भांडी बैलगाडीत त्यांनीच भरली. बायको अन दोघी पोरी गाडीत बसल्या, मी कुलूप लावायला आत गेलो. मास्तर विझलेल्या चुलीपुढे बसले होते. मांडीवर पिवळ्या पडलेल्या कागदात कोरी पितळी पळी.

"हे कधी आनली?"

"पयली गेली त्याच आठवड्यात."

"मंग देल्ली काहून नाही?"

"देल्ली असती तं वहिनी मले रोज काय विचारत्या?"

पाचव्या पाण्याचं तेव्हा कुठं थोडंसं कळलं. सगळं अजूनही कळलेलं नाही.

बाहेरून बायको म्हणाली, "चला न. अन मास्तरले सांगा, माही पळी राहिली हाय."

मी पळी पुन्हा कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "दर बाजाराच्या दिवशी चांदूरले येत जा, मास्तर. अन हे घरी विसरत जा."