टेक्सासास नऊ वर्षे दारात तिष्ठविल्याची हकीकत

कुंभार पिंपळगाव मुक्कामी, कनिष्ठ महाविद्यालयाचे पटांगणी, स्नेहसंमेलनाचे दिवशी भरदुपारी जो रणसंग्राम जाहला, त्याची साद्यंत हकीकत, पदरचे फारसे काही न घालता, लिहिली ती ऐशी जे :

अकरावीची पायल, वाचनाची हौशी आणि स्वभावाची तिखट, हिने अमेरिकेच्या सेनेट दरबारावर नाटक रचिले. मनसुबा असा की, तेरा मुले गुलामी राखणारी राज्ये आणि तेरा मुले ती नाकारणारी, दोन्ही फळ्या समसमान. मग टेक्सास हा शेजारचा मुलूख गुलामांसह अमेरिकेत येऊ मागतो, आणि तो आला तर गुलामीचे पारडे जड होते, म्हणून त्यास नऊ वर्षे दाराबाहेर ठेवितात. टेक्सासाचे कामी पप्पूची नेमणूक जाहली, कारण वर्गात त्याजइतका ऐसपैस दुसरा कोणी नव्हता.

इतक्यात संस्थेचे अध्यक्ष राजमान्य राजश्री अप्पाराव यांचे फर्मान सुटले की, नाटक खुशाल करावे, परंतु गुलामी हा शब्द कोणी उच्चारू नये, पाहुण्यांत उगाच चर्चा नको, जमिनीचा मामला म्हणून सांगावे. पायलचे मस्तक फिरले. तिने इतिहासाचे नागसेन सर यांजकडे कुमक मागितली. परंतु सरांची नोकरी अद्याप कायम नव्हती, सबब त्यांनी डोळ्यांनीच कुमक पाठविली. तीन महिने खपून लिहिलेली गोष्ट आपल्याच नावाने खोटी सांगावी लागणार, या विचाराने पोरीस रडू आले, आणि ते तिने गिळले.

मग प्रयोग सुरू जाहला. पप्पू पुठ्ठ्याची टोपी घालून मांडवाबाहेर उन्हात उभा राहिला, आणि पायल एकेक वर्ष पुकारू लागली. पाचवे वर्ष लागले तो हसनाबादेहून भाची पायल हिच्या कौतुकास आलेल्या पुष्पाबाई खुर्चीवरून उठल्या, आणि तांब्याभर पाणी पप्पूस पाजून, दंडास धरून त्यास थेट सेनेटात आणून बसविते जाहल्या. सेनेटही सरकून जागा देते जाहले. नाटक संपले समजून अप्पारावांनी टाळ्या वाजविल्या.

पायल घाबरी होऊन म्हणाली की अजून चार वर्षे बाकी आहेत, त्यास बाहेर जाऊ द्या. त्यावर पुष्पाबाई बोलिल्या,

"लेकरू उन्हात, अन् तुम्ही सावलीत बसून राह्यले. त्यानं गुन्हा काय केला?"

पायलने एकवार अप्पारावांकडे पाहिले.

"मावशी, त्याला गुलाम घेऊन आत यायचंय. इकत घेतलेली माणसं. म्हणून अडवलंय."

पुष्पाबाईंनी दंड सोडिला, आणि विचारिले,

"मंग ती माणसं कुठं हायेत? त्याह्यला कोणी पाणी दिलं का न्हाई?"

नाटकात सव्वीस राज्ये होती, टेक्सास होता, पडदा ओढणारे दोघे होते, झाडाचे सोंग घेतलेला एक होता. गुलाम एकही नव्हता. पायलचा चेहरा उतरला.

"त्याह्यला मीच इसरले, मावशी," ती म्हणाली.

आणि तिने मंचाच्या मधोमध एक सतरंजी रिकामी अंथरविली, ही जागा गुलामांची असे जाहीर केले, आणि राहिलेले नाटक शब्द न चोरता तडीस नेले. टेक्सास दोन मतांच्या फरकाने आत आला, गुलामांसकट आला, कारण घडले तैसेच होते.

येणेप्रमाणे फर्मान मोडून मोहीम फत्ते जाहली. मग फोटोचे वेळी अप्पाराव खासे त्या सतरंजीवर बसू लागले, तेव्हा पायलने त्यांस सर्वांदेखत उठविले, आणि अप्पाराव उठले.